पांढऱ्या बागेला तीट

श्रूजबरी, १४ मे

रवींद्र,

हात नंदाचा आहे, तोंड माझं आहे. नंदा समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहते. नागपूरची आहे, नवरा कॉम्प्युटरवाला, हिला अजून कामाची परवानगी नाही, म्हणून दुपारची माझ्या तावडीत सापडते. माझं बोलणं ती धुऊन-पुसून लिहिते. तेव्हा पत्रात मी शिकलेली वाटले तर घाबरू नकोस.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर मी शिवांगीचं नाव काढलं की तुझी मीटिंग सुरू होते. मागच्या खेपेला तर रविवार होता. पत्राला मीटिंग नसते. फार तर तू ते फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

नातीकडे जरा जाऊन येते म्हणून तुझ्या सनीव्हेलहून निघाले आणि इथे बॉस्टनजवळच बसले, याचा राग आलाय ना? तो नंतर कर. आधी ऐक. तुझ्या मुलीची बाग मी पाहिली.

लार्कमीड म्हणतात त्या जागेला. दगडी घर, भोवती बाग. शंभर वर्षांपूर्वी कुणा श्रीमंताने इंग्लंडातल्या खेड्यात बघितली आणि इथे तशीच करून घेतली म्हणे. आता तिथल्या मालकीण मिसेस हॉलिस म्हणून बाई आहेत, माझ्याहून म्हाताऱ्या. पायात गमबूट, हातात काठी, आणि कपाळावर आठी अशी की मला वाटलं, ही आपल्याच नात्यातली.

मला वाटलं होतं बाग म्हणजे बाकडी, घसरगुंडी आणि कुठेतरी भेळवाला. समोर बघते तर कुंपण. डोक्यापेक्षा उंच, गर्द हिरवं, भिंतीसारखं सरळ कापलेलं. मी म्हटलं, "शिवांगी, भिंत दाखवायला एवढ्या लांब आणलंस?" तर म्हणते, "आजी, वेट." कुंपणात एक दार होतं. आत गेलो तर खोली! छप्पर नाही, पण खोलीच. सगळी निळी बारीक फुलं आणि मधे दगडी कुंडात पाणी. तिथून दुसरं दार. तिथे भिंतीला टेकवून, फांद्या दोन्हीकडे आडव्या ताणून बांधलेली सफरचंदाची झाडं, फुलोऱ्यात. मग एक अरुंद, अंधारी वाट. मी म्हटलं, संपली वाटतं बाग. आणि वळलो, तर काय सांगू तुला! लांबच्या लांब हिरवळ आणि दोन्ही बाजूंनी फुलांचे पट्टे.

पंगतीचं ताट कसं वाढतात? मीठ वर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. कुणी ठिकाण चुकवलं तर आपल्याला घास जात नाही. तसं वाढलं होतं ते. उंच ते मागे, बुटकं ते पुढे, आणि अगदी कडेला काहीतरी मऊसर, वाटेवर आलेलं, जशी आमटी भाताखालून हळूच पुढे येते. निम्मी फुलं अजून यायची होती, तरी पोट भरलं. ज्याने आखली त्याला माणसाला ताटकळत ठेवणं बरोबर जमत होतं. सगळं एकदम दाखवायचं नाही. मी उभी राहिले ती राहिलेच. गुडघे दुखायचे विसरले. (हे माझ्या सुनेला, रेणूला, कळू देऊ नकोस. माझं इथलं राहणं गुडघ्यांवर उभं आहे.)

शेवटची खोली रिकामी होती. नुसती काळी माती, कडेला पांढरी ट्युलिपं, आणि मधे तुझी मुलगी, हाताला कोपरापर्यंत चिखल. म्हणाली, "आजी, धिस वन इज माइन." आखणी तिची, लावणी तिची. ही सगळी खोली पांढरी करणार. एकच रंग, पांढरा. एकोणीस जुलैच्या शनिवारी ती लोकांना दाखवणार, आणि शिवांगीला नोकरीवर कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे ते बाग चालवणारे ट्रस्टवालेही त्या दिवशी येणार.

तिने कॉम्प्युटरची नोकरी सोडली तेव्हापासून तू तिच्याशी बोलला नाहीस. दुसरा उन्हाळा आला. एकोणीस जुलैला ये. शिवांगीने बोलावलंय.

खाली अंगठा माझा आहे. शाई नव्हती, नंदाची लिपस्टिक घेतली. तुझ्या आईने या वयात काय काय करायचं.

आई

श्रूजबरी, ५ जून

रवींद्र,

पत्र पोचलं. रेणूने सांगितलं, तू ते घरात उघडलं नाहीस, खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलंस. वाचून झाल्यावरही बराच वेळ वर आला नाहीस म्हणे. आणि वर आल्यावर म्हणालास, "आईला कळव, मी माळीकाम बघायला विमानाने जाणार नाही."

हे वाक्य मी नंदाला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने लिहिलं नाही.

माळीकाम. तुझ्या तोंडून मी हा शब्द किती वर्षांनी ऐकला! तू कॉलेजात गेलास तेव्हा फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'सरकारी नोकरी' असा लिहिलास. खोटं नव्हतं. अण्णा साहेबाच्या बंगल्यावर सरकारीच माळी होते. मला वाचता येत नाही, पण तू घरी येऊन अण्णांच्या डोळ्याला डोळा दिला नाहीस, ते मला वाचता आलं.

तुला वाटतं मी विसरले. अरे, मी तिथेच होते. हौदावर कपडे धूत होते. तुझा पतंग कटून बंगल्याच्या हिरवळीवर पडला आणि तू धावलास. माळ्याच्या पोराने त्या हिरवळीवर पाऊल ठेवायचं नाही, हे तुला माहीत होतं, पण पतंग दिसला की कुणाला काय आठवतं? साहेब व्हरांड्यात चहा घेत होता. तुला काही बोलला नाही. अण्णांना हाक मारली आणि म्हणाला, "पोराला आवर. हिरवळ खराब होईल." अण्णांनी हात जोडले. तू मेंदीच्या कुंपणामागे पतंग छातीशी धरून उभा होतास आणि ते जोडलेले हात बघत होतास. त्यानंतर तू गवतावर पाय ठेवला नाहीस. सनीव्हेलला तुमच्या घरासमोर केवढा पार्क आहे, सगळी दुनिया त्यातून आडवी जाते, आणि माझा मुलगा सिमेंटवरून वळसा घालून जातो. मी खिडकीतून रोज बघायची. बोलले नाही, एवढंच.

तेव्हा मुलगी माती उकरायला निघाली तर तुझ्या पोटात काय होतं, हे मला कळतं. तुला वाटतं, एवढा शिकलो, एवढा लांब आलो, आणि ही परत कुंपणाच्या त्याच बाजूला जाऊन उभी राहिली.

आता परवाची गोष्ट सांगते. मी तिथे बाकावर बसले होते. शिवांगी वाफ्यात. मिसेस हॉलिस काठी टेकत आल्या आणि हिरवळीच्या कडेला थांबल्या. आत आल्या नाहीत. काहीतरी विचारलं. शिवांगीने मान हलवली, दोन शब्द बोलली. बाई "सॉरी" म्हणून परत गेल्या. तेवढं मलाही कळलं. मी विचारलं, काय ग? तर म्हणे, "टेबलावर ठेवायला थोडी फुलं कापू का, विचारत होत्या. मी नाही म्हटलं. आत्ता कापली तर जुलैत गॅप पडेल."

मालकिणीने विचारलं आणि माळणीने नाही म्हटलं! मी तर बाकावरून पडायची राहिले. अण्णांनी असं म्हटलं असतं तर आपण त्याच संध्याकाळी गाठोडं घेऊन रस्त्यावर असतो. रवींद्र, कुंपण तसंच दिसतं. पण तुझी मुलगी त्या बाजूला नाही.

पांढरी खोली आता भरायला लागली आहे. रोपं मांडताना ती आधी कुंड्या मातीवर नुसत्या ठेवते, लांब जाऊन बघते, परत येते, एक कुंडी वीतभर सरकवते, परत लांब जाते. तू लग्न झाल्यावर सोफा असाच लावला होतास. रेणू वैतागली होती.

मीही तिथे एक लहानसं काम केलं आहे. कसलं, ते सांगत नाही. नंदा विचारते आहे, तिलाही सांगत नाही.

ये.

आई

श्रूजबरी, २६ जून

रवींद्र,

पाकीट आलं. मला वाटलं पत्र आहे. नंदाने उघडलं, उलटंपालटं करून बघितलं. मी म्हटलं, "वाच की." तर म्हणाली, "आजी, तुमचं तिकीट आहे. बॉस्टन ते सॅन होजे." मी म्हटलं, "कधीचं?" तर पाणी प्यायला उठली.

एकोणीस जुलै. सकाळचं.

वा! सगळ्या वर्षात तुला एवढा एकच दिवस सापडला. मुलगी बाग दाखवणार, त्याच वेळी आजी ढगात. तिच्या बाजूने उभं राहायला कुणीच नको, असंच ना? तू एवढा कडू कधीपासून झालास? लहानपणी तुला कारल्याची भाजी पोळीत दुमडून, लपवून द्यावी लागायची.

मी एकटी येणार नाही. मला अक्षर येत नाही, विमानतळावर पाट्या कोण वाचणार? येताना व्हीलचेअरवाल्या पोरीने आणलं, हे तू म्हणशीलच. ती भली होती. दुसरी कशी निघेल कुणास ठाऊक. एखादीने भलत्याच विमानात बसवलं तर म्हातारपणी मी अलास्कात. तेव्हा न्यायचं असेल तर स्वतः ये. एकोणीसला सकाळी मी लार्कमीडला असेन, पांढऱ्या खोलीत, बाकावर.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नंदा म्हणते, सांगा.

पहिली. शिवांगीने तुला बोलावलेलं नाही. मी लिहिते हेसुद्धा तिला ठाऊक नाही. ती कामावर गेली की आम्ही लिहायला बसतो. तिने तुझं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. फक्त तुझ्या वाढदिवशी सकाळी फोन हातात घेऊन बराच वेळ बसली होती. मग तो पालथा ठेवून कामाला गेली. झालं, एवढंच. बोलावणं म्हणायचं तर तेवढंच आहे.

दुसरी. ते लहानसं काम. रवींद्र, अरे ती बाग फार देखणी व्हायला लागली होती. येणारा-जाणारा कुंपणातून डोकावायचा आणि "ओह माय गॉड, ओह माय गॉड" करायचा. बाळाला पण एवढं कुणी म्हणत नाही. म्हटलं, दृष्ट लागणार. तुला मी तीन वर्षांचा होईपर्यंत गालाला तीट लावल्याशिवाय बाहेर काढलं नाही, आणि तू काही फार देखणाही नव्हतास. मग एवढ्या पांढऱ्या बागेला तीट नको? काजळाचं बोट मातीला कसं लावू? माझ्या कनवटीला झेंडूचं बी होतं. मेच्या शेवटी एकदा, शिवांगी पाइप आणायला गेली तेव्हा मी बोटाने भोकं पाडली आणि टाकलं. दोन-तीन ठिकाणी. एकाच ठिकाणी उगवलं आहे. केशरी झेंडू. चांगलं वीतभर रोपटं झालं.

नंदाने पेन खाली ठेवलं. म्हणते, "आजी, ती पूर्ण पांढरी बाग आहे ना?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

"अहो, पण ट्रस्टवाले येतील, त्यांना वाटेल ना ही चूक आहे म्हणून! त्या पोरीची नोकरी जाईल!"

हे मला खरंच सुचलं नव्हतं. बाळाच्या गालावरचा डाग बघून कुणी आईला कामावरून काढत नाही. पण इथली रीत निराळी, हे नंदा म्हणते ते बरोबर असेल. आता घाबरले आहे. उपटावं तर मी वाफ्याजवळ जाऊ शकत नाही. शिवांगीने दोरी बांधली आहे. आणि सांगावं तर तिचं तोंड बघवणार नाही.

बी कुठलं, विचार. तुझ्या बाल्कनीतलं. दसऱ्याला तोरणासाठी तू कुंडीत झेंडू लावतोस ना, दुकानातली फुलं शिळी असतात म्हणून? ऑफिसातून आल्यावर आधी बूट न काढता त्याला पाणी घालतोस, ते माझ्या नजरेस पडतं बरं. तेच सुकलेलं तोरण मी दारावरून काढलं होतं. माळीकाम नको म्हणणाऱ्या माणसाच्या घरात एवढंच बी मिळालं.

तिकीट नंदाच्या फ्रिजला लावलं आहे. कॅन्सल तू कर.

आई

श्रूजबरी, १२ जुलै

रवींद्र,

तिला सापडलं.

मंगळवारी मला बागेत घेऊन गेली होती. गुडघ्यांवर बसून तण काढत होती. एकाएकी थांबली. एक पान चुरगाळलं आणि बोटं नाकाशी नेली. झेंडूचा वास लपतो का? वाकलेलीच राहिली आणि म्हणाली, "आजी."

नुसतं "आजी." मला कळलं.

"हे तू केलंस?"

"तीट आहे ग."

"आजी, इट्स अ व्हाइट गार्डन! व्हाइट म्हणजे व्हाइट! कळी आली आहे याला, बरोबर एकोणीसला उघडेल. ते म्हणतील हिला तणसुद्धा ओळखता येत नाही. दोन वर्षं आजी, दोन वर्षं मी यासाठी—" आणि तिने बुंध्यापाशी मूठ आवळली. उपटायचं म्हणून.

मी म्हटलं, "उपट. तुझ्या बापाच्या कुंडीतलं आहे."

मूठ तशीच राहिली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, केसांची वेणी तेवढी दिसत होती. मग म्हणाली, "बाबा अजून लावतात?"

"दर वर्षी."

"तुला कसं माहीत, त्यांना चालेल इथे लावलेलं?"

आणि तिथे मी घोटाळा केला. म्हटलं, "मी लिहिलंय त्याला, ये म्हणून."

मग जे झालं ते सांगत नाही. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलली, तुझ्यासारखी. म्हणाली, मी बोलावलेलं नसताना तू बोलावलंस, म्हणजे आता ते आले नाहीत तर दुसऱ्यांदा नाही म्हणतील. एकदा ऐकलंय मी. दुसऱ्यांदा मला ऐकायचं नव्हतं.

रवींद्र, हे मला सुचलं नव्हतं. झेंडूचं सुचलं नव्हतं, आणि हेही नाही. मला वाटत होतं, मी तुला लिहिते आहे. काही बिघडलं तर तुझं-माझं बिघडेल.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते. ताटात लिंबाची फोड नसते. मला बागेत नेत नाही. त्या मुठीने ते रोप उपटलं की सोडलं, मला माहीत नाही. नंदाला म्हटलं जाऊन बघून ये, तर म्हणते, "आजी, मी नाही जाणार. तुमच्या घरात मी आधीच फार लिहून ठेवलंय."

म्हणून आज थट्टा नाही. नीट ऐक. रेणू सांगते, तू तिकीट कॅन्सल केलेलं नाहीस. कपाटातली लहान बॅगही बाहेर काढली आहेस, पण कुठे चाललास ते तिला सांगत नाहीस. मला न्यायला येणार असशील तर येऊ नको. मी व्हीलचेअरवर बसून येईन, शनिवार सोडून कुठल्याही दिवशी, मुकाट. बाग बघायला येणार असशील तर ये. आणि येऊन व्हरांड्यातल्या साहेबासारखा तिच्याकडे बघणार असशील, तर मी तुझ्या पाया पडते, तिकडेच राहा. तिने अण्णांसारखे हात जोडलेले मला बघायचे नाहीत. ती जोडणारही नाही म्हणा. पण तिचा चेहरा पडेल, तेच झालं.

आई

श्रूजबरी, २७ जुलै

रवींद्र,

तू सोमवारी परत गेलास, आणि जाताना माझ्याशी फक्त "गोळ्या घेत जा" एवढंच बोललास. चालेल. आपल्याकडे पुरुष एवढंच बोलतात. पण तू बराच वेळ कुंपणाच्या त्या बाजूला होतास, म्हणून या बाजूला काय झालं ते मी सांगते. नंदा त्या दिवशी माझ्या शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करत होती, तेव्हा साक्षीदार आहे.

सकाळी शिवांगीने मला गाडीत बसवलं, पट्टा लावला, बोलली नाही. मी मोरपंखी साडी नेसले होते. तिने एकदा बघितलं आणि पदर दारात अडकला होता तो सोडवला. एवढंच.

लार्कमीडला केवढी गर्दी! मी निळ्या खोलीतून गेले, सफरचंदांतून गेले, त्या अंधाऱ्या वाटेतून नंदाचा हात धरून गेले. दारातून आत गेले.

रवींद्र, तू बघितलीस, पण गर्दी ओसरल्यावर. मी सकाळच्या उन्हात बघितली. पांढरा रंग एकच असतो असं मला वाटायचं. दुधाचा निराळा, ताकाचा निराळा, तांदळाच्या धुवणाचा निराळा. मागे उंच लिली, मधे फ्लॉक्सचे झुबके, तेच जे अण्णा साहेबाच्या बंगल्यावर लावायचे, पुढे रुपेरी पानं. लोक आत यायचे आणि आवाज आपोआप खाली यायचा. आणि कडेला, अगदी मधोमध नाही, बाळाच्या गालावर असते तशी बाजूला, एक झेंडू. उघडलेला. भडक केशरी.

तिने उपटला नव्हता. उलट भोवतीची माती भुसभुशीत केली होती. समोरची रुपेरी पानं मागे सारली होती, दिसावा म्हणून.

मला रडू आलं नाही. शिंक आली.

मग ट्रस्टवाले आले. त्यातला एक चष्मेवाला सगळं बघत बघत तिथे थांबला. स्वतःच्या काठीने दाखवून विचारलं, "ही चूक आहे का?" मिसेस हॉलिस आपल्या गमबुटांकडे बघत राहिल्या. नंदाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. सगळ्या बागेतून तेवढं एकच फूल आणि तेवढा एकच प्रश्न.

शिवांगी म्हणाली, "नाही. ते मुद्दाम आहे." मग त्यांना तीट सांगितली. बाळ, गाल, काजळ, नजर, सगळं. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग म्हणाली, "माझे आजोबा माळी होते. अशाच मोठ्या घरात. आमच्याकडे हे काम तिसऱ्या पिढीत आहे. मधली पिढी फक्त कुंडीत करते."

लोक हसले. मी हसले नाही, कारण तेवढ्यात मला बाकावरून, लोकांच्या पायांमधून, कुंपणाच्या दारात, खाली, दोन बूट दिसले. पॉलिश केलेले, काळे. फरशी जिथे संपते आणि गवत जिथे सुरू होतं, बरोबर त्या रेघेवर. बागेत असे बूट घालून येणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. तू किती ऐकलंस, मला माहीत नाही. शिवांगीनेही बघितले. तिचा आवाज एकदाच अडकला, मग ती फ्लॉक्सबद्दल सांगू लागली. पण दर थोड्या वेळाने तिची नजर खाली जायची. बूट आहेत का. मी पण तेच करत होते. लोक निघाले, ऊन सरकलं, बूट हलले नाहीत. पुढे नाही आणि मागेही नाही.

शेवटी तिने हात पँटला पुसले आणि दाराशी गेली. तुमच्यामधे दोन हात अंतर होतं. मला वाटलं, आता हा म्हणेल, आईला न्यायला आलोय.

तू म्हणालास, "हिरवळ खराब होईल."

पन्नास वर्षं झाली असतील, रवींद्र. तेच वाक्य. मी डोळे मिटून घेतले.

ती म्हणाली, "बाबा, इट्स ग्रास. इट ग्रोज बॅक."

डोळे उघडले तेव्हा तू वाकून नाड्या सोडत होतास. बूट हातात घेतलेस आणि नुसत्या मोज्यांवर आलास, हळूहळू, जसं खाली काही झोपलेलं आहे. माझ्याकडे बघितलं नाहीस, तिच्याकडे बघितलं नाहीस. सरळ झेंडूपाशी जाऊन उकिडवा बसलास, खालचं एक सुकं पान नखाने खुडलंस, अण्णा खुडायचे तसं, आणि वर न बघता म्हणालास, "पाणी जास्त घालतेस याला."

"नाही घालत."

"घालतेस. पानं बघ."

"बाबा, आय डू धिस फॉर अ लिव्हिंग."

"मग तरी घालतेस."

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही दोघं भांडायला लागलात म्हणजे आता काळजी नव्हती. मी नंदाला म्हटलं, चल, चहा कुठे मिळतो बघ.

नोकरीचं पक्कं झालं. चष्मेवाला म्हणत होता, केशरी तेवढं काढून टाका. मिसेस हॉलिस म्हणाल्या, तो वाफा तिचा आहे, तिला विचारा. त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. तो विषय तिथेच थांबला.

ती माझ्याशी बोलते आता. अट एकच, विचारल्याशिवाय मातीत बोट घालायचं नाही. लिंबाची फोड परत आली आहे. मी झेंडूचं बी धरलं की येईन, तू घ्यायला ये नाहीतर ती व्हीलचेअरवाली शोध. रेणूला सांग, गुडघे अजून दुखतात.

या पार्सलात तुझे मोजे आहेत, कारच्या मागच्या सीटवर राहिले होते. धुतले, दोनदा धुतले, तळव्यांचा हिरवा डाग जात नाही. शिवांगी म्हणाली, "टाकून दे, बाबा नवे घेतील." मी म्हटलं, मुळीच नाही.

मीटिंगला घालून जा.

आई

(अंगठा या वेळी मातीचा आहे. आजींनी वाफ्यात बोट घालायची शिवांगीकडे रीतसर परवानगी मागितली होती. — नंदा)